दट्ट्याची पृथ्वीप्रदक्षिणा

आमचे आजोळ लातूर जिल्ह्यात, मांजरा नदीपासून थोड्या अंतरावर. १९९० च्या सुमारास आम्ही उन्हाळ्याच्या सुटीत तेथे जात असू. मामांच्या विहिरीवर ५ अश्वशक्तीचे ऑइल इंजिन होते. गावात वीज आलेली होती, पण ती येई केव्हा आणि जाई केव्हा याचा नेम नसे. त्यामुळे उन्हाळी भुईमुगाची सगळी भिस्त त्या इंजिनावर. पहाटे त्याचा ‘डुग्‌ डुग्‌’ आवाज सुरू झाला की आम्ही मुले टॉवेल घेऊन पाटाकडे धावत सुटायचो.

एका वर्षी ते इंजिन ऑइल खाऊ लागले. धुराड्यातून निळसर धूर येई, आणि हँडल मारून मारून खांदे भरून आले तरी ते लवकर चालू होत नसे. लातूरहून मिस्त्री आले. त्यांनी हेड उतरवून सिलिंडरमध्ये बोट फिरवले आणि म्हणाले, “इंजिन काम निघालं. लायनर गेला, रिंगा गेल्या.” चार हंगाम चाललेले इंजिन आता नव्याने बांधायचे होते.

बाजारात दोन प्रकारचे लायनर होते. एक साधा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. दुसरा आतून क्रोमियमचा मुलामा दिलेला, चांदीसारखा पांढरा. किंमत बरीच जास्त. मामांनी भुईमुगाच्या भरवशावर उसने पैसे काढून क्रोमचा घेतला. वर दुकानदाराच्या सल्ल्याने रिंगाही क्रोमच्याच घेतल्या. दोन्ही कडक, म्हणजे दुप्पट टिकणार! “आता मरेपर्यंत बघायचं काम नाही,” मामा समाधानाने म्हणाले.

इंजिन तीन आठवडे चालले. शेंगा भरण्याच्या ऐन वेळी एके दिवशी दुपारी त्याचा आवाज जड झाला, वेग मंदावला, काळा धूर आला आणि ते जागच्या जागी बंद पडले. उघडून पाहिले तर त्या चकचकीत लायनरवर उभ्या खोल रेघोट्या पडलेल्या. दुसरे सामान आणून इंजिन चालू होईपर्यंत निम्मा भुईमूग वाळून गेला होता. उसनवारी मात्र तशीच राहिली.

कडक वस्तू कमी झिजते, हे आपण सगळेच जाणतो. मग दोन्ही वस्तू कडक असताना हा घोटाळा कसा झाला? या प्रश्नाचे उत्तर मला पुढे एम. एस्‌सी. ला असताना मिळाले. आज नांदेडला मुलांना घर्षणाचा पाठ शिकवताना मी दरवर्षी हीच गोष्ट सांगतो. ते उत्तर काय, हे आपण क्रमाक्रमाने पाहू.

रोज किती चालतो दट्ट्या?

प्रथम एक साधे गणित करा. विहिरीवरच्या ५ अश्वशक्तीच्या एका नेहमीच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ८० मि. मी. असतो. त्यात वरखाली करणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, एका दिशेने ११० मि. मी. धावतो. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे २२० मि. मी. चालतो. मिनिटाला झाले ३३० मीटर आणि तासाला १९.८ किलोमीटर.

जागचे न हलणारे हे इंजिन २००० तास चालले, की त्याच्या दट्ट्याने ३९,६०० किलोमीटर मजल मारलेली असते. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे विहिरीच्या काठावर बसल्या बसल्या एक पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण! मामांचे इंजिन हंगामाला साधारण ५०० तास चाले. तेव्हा जुन्या बीडाच्या लायनरने चार हंगामांत ही प्रदक्षिणा पुरी केली होती. नव्या क्रोमच्या जोडीला मात्र साडेतीन हजार किलोमीटरही धड गाठता आले नाहीत.

या प्रवासात सिलिंडरच्या भिंतीला खेटून चालतात त्या दट्ट्याच्या खाचांत बसवलेल्या रिंगा. जळलेला वायू खाली निसटू नये आणि खालचे ऑइल वर जाऊ नये, ही दोन कामे त्यांची. रिंगा आणि भिंत झिजल्या की दोन्ही वाटा मोकळ्या होतात. वायू खाली निसटल्याने शक्ती कमी होते. ऑइल वर जाऊन जळते आणि निळा धूर दिसतो. ‘इंजिन ऑइल खाते’ म्हणतात ते हेच.

झीज सगळीकडे सारखी नसते

पुढच्या वेळी एखाद्या गॅरेजमध्ये गेलात तर काढून टाकलेला लायनर मागून घ्या आणि आतून वरच्या टोकाजवळ बोट फिरवा. एक बारीकशी कड बोटाला लागेल. या कडेच्या वर रिंग पोचतच नाही, म्हणून तेथे मूळचा व्यास शिल्लक असतो. कडेच्या लगेच खाली झीज सर्वांत जास्त असते. मधोमध ती बरीच कमी आढळते. असे का?

तुम्ही तळ्यावर चपट्या खापरीने भाकऱ्या काढल्या असतील. खापरी वेगात असते तोवर पाणी तिला वर उचलून धरते. वेग संपला की ती बुडते. रिंगेचेही तसेच आहे. दट्ट्या मध्यावर असताना त्याचा वेग सेकंदाला साडेआठ-नऊ मीटर असतो. त्या वेगाने रिंगेच्या पुढे तेलाची पाचर तयार होते, रिंग तेलावर तरंगते आणि धातूला धातू लागत नाही. पण वरच्या टोकाला दट्ट्या क्षणभर थांबून मागे वळतो. तेथे वेग शून्य! नेमक्या त्याच वेळी डिझेल पेट घेते, वायूचा दाब वातावरणाच्या साठ-सत्तर पट होतो आणि तो वायू रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. उष्णतेने तेलही पातळ झालेले असते. खापरी बुडते ती येथेच.

ही झीज मोजायला मिस्त्री बोअर गेज वापरतात. मिलिमीटरचा शंभरावा भागही त्यावर दिसतो. झीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की दोन उपाय असतात. एक, सिलिंडर यंत्रावर कापून थोडा मोठा आणि पुन्हा गोल करायचा आणि त्या मापाचा ओव्हरसाइज दट्ट्या घालायचा. दुसरा, आतला लायनर बदलायचा. बोअर केल्यावर भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा मारतात. याला होनिंग म्हणतात. त्या रेघांत तेल साठून राहते. ही गोष्ट लक्षात ठेवा. आरशासारखी गुळगुळीत भिंत चांगली, ही समजूत चुकीची आहे.

तीन चोर

सिलिंडरची भिंत खाणारे चोर तीन आहेत.

पहिला चोर धूळ. वर सांगितलेल्या इंजिनाच्या सिलिंडरचे आकारमान सुमारे ५५३ घन सें. मी. आहे. चार धावांचे इंजिन असल्याने ते मिनिटाला ७५० वेळा हवा ओढते. तुम्हीच गुणाकार करा. तासाला २५ घनमीटर येतील. प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी, म्हणून २० धरू. समजा, घनमीटरभर हवेत फक्त १० मिलिग्रॅम धूळ आहे आणि गाळणी नाही. तर तासाला २०० मिलिग्रॅम आणि हजार तासांत २०० ग्रॅम धूळ इंजिनाच्या पोटात जाईल. म्हणजे पॉलिश पेपर घेऊन हजार तास आतून घासत बसल्यासारखेच झाले.

आपली काळी माती बोटाला मऊ लागते. तिच्यातले चिकणमातीचे कण खरोखरच मऊ असतात. पण ही माती झाली आहे आपल्या डोंगरांतल्या काळ्या बसाल्ट खडकापासून. त्या खडकाचे न कुजलेले बारीक कण मातीत असतातच. शेतात सापडणाऱ्या गारगोट्याही या खडकाच्या पोकळ्यांतूनच सुटून आलेल्या. गारगोटीचा चुरा बीडाला सहज ओरखडतो. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडला येणाऱ्या रस्त्यावर उसाच्या हंगामात ट्रॅक्टर धावतात, तेव्हा कडेच्या झाडांवर बसलेली धूळ पाहा. मागच्या ट्रॅक्टरचे इंजिन तीच हवा ओढत असते.

दुसरा चोर आम्ल. डिझेलमध्ये थोडे गंधक असते. ते जळून तयार झालेले वायू पाण्याच्या वाफेबरोबर थंड भिंतीवर दवासारखे जमले की गंधकाम्ल बनते आणि ते लोखंड खाते. विहिरीवरच्या इंजिनात ही अडचण फार होती. पंपाचे गार पाणी थेट इंजिनाच्या भोवतालच्या कप्प्यातून फिरवीत. बाहेर पडणारे पाणी जितके गार तितके इंजिन सुखी, असे मामांनाही वाटे. खरे म्हणजे ते पाणी चटका बसेल असे, ६०-७० अंश सेल्सिअस हवे. इंजिन जास्त तापू नये हे खरे, पण ते गारठूही नये. भारतात १ एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या बीएस-सहा डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फक्त १० भाग असते. त्याआधीच्या बीएस-चार डिझेलमध्ये ते ५० भागांपर्यंत चाले आणि त्याहीपूर्वी कितीतरी अधिक असे. त्यामुळे हा चोर आता बराच दुबळा झाला आहे.

तिसरा चोर सर्वांत कपटी. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांसारखे असतात. तेलाचा पडदा फाटला की शिखराला शिखर भिडते. सगळा भार त्या मोजक्या टोकांवर येतो, ती तापतात आणि क्षणभर एकमेकांना चिकटतात. दट्ट्या पुढे सरकला की जोड तुटतो आणि एकीकडचा तुकडा दुसरीकडे उपटून जातो. तो तुकडा पुढे नांगरासारखा चालतो. उभ्या रेघोट्या पडतात त्या अशा.

लेपाची युक्ती

आता कठीणपणाचे आकडे पाहू. हिऱ्याचे टोक ठरावीक भाराने दाबून पडलेल्या खळग्यावरून कठीणपणा मोजतात. या व्हिकर्स मापाने बीडाचा कठीणपणा सुमारे २०० ते २५०, गारगोटीतल्या स्फटिकाचा ११०० च्या आसपास आणि विद्युत्‌विलेपनाने चढवलेल्या कडक क्रोमियमचा ८०० ते १०००. धुळीचा कण भिंतीपेक्षा बराच कठीण असेल तर तो भिंत कापतो. दोघांचा कठीणपणा जवळ जवळ आला की कापण्याची त्याची ताकद झपाट्याने घटते. म्हणून क्रोमचा लेप पहिल्या चोराला पुष्कळ आवर घालतो. गंधकाम्लालाही तो बीडापेक्षा चांगला तोंड देतो. दोन चोरांचा बंदोबस्त एकाच लेपाने होतो.

लेप देण्याची रीत तुम्ही प्रयोगशाळेत तांब्याचा मुलामा देताना पाहिलीच आहे. येथे द्रावण क्रोमिक आम्लाचे, त्यात थोडेसे गंधकाम्ल. लायनर ऋणाग्राला जोडायचा आणि त्याच्या मधोमध शिशाचा धनाग्र ठेवायचा. काम मोठे संथ. तासाला मिलिमीटरचे दोन-तीन शंभरांश भाग एवढाच थर चढतो. हे द्रावण अत्यंत विषारी असल्याने त्याचे सांडपाणी शुद्ध केल्यावाचून सोडणे हा गुन्हाच समजला पाहिजे.

पण यात एक खोच होती. क्रोमच्या गुळगुळीत पृष्ठभागावर तेल नीट टिकत नाही. बीडात ग्रॅफाइटच्या बारीक पापड्या असतात, त्या तेल धरून ठेवतात आणि स्वतःही वंगणाचे काम करतात. क्रोममध्ये ती सोय नाही. हेंड्रिक व्हान डर हॉर्स्ट या डच अभियंत्याचे नाव यावरच्या उपायाशी जोडलेले आहे. कडक क्रोमच्या थरात जन्मतःच अतिसूक्ष्म भेगा असतात. थर चढवून झाल्यावर विजेचा प्रवाह थोडा वेळ उलटा करायचा. आता लायनर धनाग्र होतो, भेगांच्या कडा विरघळतात आणि त्यांचे रुंद पाट बनतात. या पाटांच्या जाळ्यात तेल साठून राहते. या सच्छिद्र क्रोमचा वापर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या आणि मोठ्या डिझेल इंजिनांत झाला.

आपल्याकडेही तो आला. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेल्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या रेल्वे इंजिनात २६०० अश्वशक्तीसाठी १६ सिलिंडर असत आणि त्यांच्या लायनरना आतून क्रोमचा लेप असे. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने स्वातंत्र्यापूर्वीच डिझेल इंजिने बनवली. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्याजवळ खडकीला सुरू झाली. पुढे ऑइल इंजिन खेडोपाडी पोचले आणि त्याच्या मागोमाग लायनर-रिंगांची दुकाने तालुक्याच्या गावापर्यंत आली. क्रोम हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आला तो असा.

मग मामांचे काय चुकले?

१९५३ साली जे. एफ. आर्चर्ड या शास्त्रज्ञाने झिजेचा एक सोपा नियम मांडला. तो शब्दांत असा:

झीज = गुणक × भार × चाललेले अंतर ÷ कठीणपणा

भार वाढला, अंतर वाढले की झीज वाढते. कठीणपणा छेदात आहे, म्हणून तो वाढला की झीज घटते. क्रोमचा कठीणपणा बीडाच्या चौपट, तेव्हा झीज चौथाई व्हायला हवी. दुकानदार आणि मामा या दोघांनीही मनातल्या मनात हेच गणित केले होते. ते चुकीचे नव्हते, अपुरे होते. त्यांनी सुरुवातीच्या गुणकाकडे पाहिलेच नाही.

हा गुणक एकट्या धातूचा नसतो; तो जोडीचा असतो. कोणता धातू कोणत्या धातूवर घासतो आणि मध्ये तेल आहे की नाही, यावर तो ठरतो. एकाच धातूची जोडी कोरडी घासली आणि भिन्न पदार्थांची जोडी तेलात घासली, तर या दोन गुणकांत हजारो पटींचा फरक पडू शकतो. कठीणपणा वाढून वाढून वाढणार किती? चौपट, फार तर दहापट. गुणक बिघडला तर तो ही सारी कमाई एका झटक्यात बुडवतो. समजा, कठीणपणा चौपट झाला आणि गुणक शंभर पट वाढला, तर झीज किती? भागाकार करा: पंचवीस पट जास्त!

क्रोमवर क्रोम ही अशीच वाईट जोडी आहे. दोन्हीकडे एकच धातू, म्हणून शिखरे चटकन चिकटतात. दोन्हीकडे तेल धरून ठेवणारे ग्रॅफाइट नाही. दोन्ही इतके कडक की एकमेकांशी जुळवून घेत नाहीत. नव्या इंजिनात सुरुवातीच्या तासांत रिंग आणि भिंत एकमेकांच्या आकाराला घासून बसतात. येथे तेही होत नाही. म्हणून इंजिन दुरुस्तीचा जुना दंडक आहे: लायनर क्रोमचा तर रिंगा साध्या बीडाच्या, रिंग क्रोमची तर लायनर साधा बीडाचा. दोन्ही क्रोमचे कधीही नाही. टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात, तसे झीजही एका पृष्ठभागाने होत नाही. मामांनी सामान उत्तम घेतले होते, फक्त जोडी चुकली.

नवे लेप, नवी पथ्ये

क्रोमनंतर आणखी लेप आले. १९६७ साली जर्मनीच्या माले कंपनीने निकासिल तयार केला. हा निकेलचा थर असतो आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे दोन-तीन मायक्रॉनचे कण रोवलेले असतात. सिलिकॉन कार्बाइडचा कठीणपणा २५०० च्या आसपास, म्हणजे गारगोटीच्या दुपटीहून अधिक. कणांच्या मधल्या सांदीत तेल टिकते. मुख्य फायदा असा की हा लेप थेट ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर देता येतो. बीडाचा जड लायनर वाचतो आणि उष्णता लवकर बाहेर पडते. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम मोटारसायकलींच्या सिलिंडरमध्ये हाच लेप आहे. २००८ साली भारतात आलेल्या यामाहा आर-१५ मध्ये वेगळीच युक्ती होती. तिच्या सिलिंडरच्या ॲल्युमिनियममध्येच सुमारे वीस टक्के सिलिकॉन मिसळलेले होते, त्यामुळे लेपाची गरजच उरली नाही.

पण येथेही जोडीचा नियम सुटत नाही. १९९० च्या दशकात परदेशातील काही महागड्या मोटारींच्या इंजिनांना निकासिलचा लेप होता. ज्या भागात पेट्रोलमध्ये गंधक जास्त होते, तेथे या इंजिनांची शक्ती थोड्याच वर्षांत घटू लागली. छोट्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या, इंजिन पुरते तापू न देणाऱ्या गाड्यांना हा त्रास विशेष झाला. थंड भिंतीवर आम्ल जमे आणि ते निकेल खाई. धुळीला न जुमानणारा लेप गंधकापुढे हरला! अखेर तेथे इंजिनांचे ब्लॉक बदलून द्यावे लागले. दुसरा चोर आठवला ना?

आणखी एक पथ्य आहे. बीडाचा सिलिंडर झिजला तर नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही चांगल्या बोअरिंगच्या दुकानात तो पुन्हा बोअर करून मिळतो. लेपाच्या सिलिंडरचे तसे नाही. थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ. बोअर केला की तो निघूनच जातो. मग लेप पुन्हा चढवावा लागतो, नाही तर सिलिंडरच नवा घ्यावा लागतो. म्हणजे लेपामुळे इंजिन उघडण्याची वेळ लांबते, पण ती आली की खर्च मोठा येतो.

इंजिन पुन्हा कधी बांधावे?

आता शेवटचे गणित. समजा, बीडाच्या सिलिंडरची झीज हजार तासांना ०.०५ मि. मी. आहे आणि मर्यादा ०.२० मि. मी. आहे. तर इंजिन ४००० तासांनी बांधावे लागेल. चांगल्या लेपाने झीज एक-तृतीयांश झाली तर १२,००० तास मिळतील. मोठाच लाभ! पण हवेच्या गाळणीची नळी फाटली आणि झीज दहापट झाली, तर लेपाचे इंजिन १२०० तासांतच उघडावे लागेल. म्हणजे फाटक्या नळीचे लेपाचे इंजिन धड गाळणीच्या साध्या इंजिनापुढे हरते. आकडे मी सोयीसाठी घेतलेले आहेत, पण त्यांच्यातला संबंध खरा आहे.

म्हणून जाणते मिस्त्री वर्षे मोजून इंजिन उघडत नाहीत. ऑइल किती लागते, धूर कसला येतो, थंड इंजिन किती फेऱ्यांत चालू होते आणि क्रँककेसच्या श्वासनळीतून किती वायू बाहेर येतो, हे ते आधी पाहतात.

घरी करून पाहा

काचेच्या दोन जुन्या पट्ट्या घ्या आणि त्यांच्या धारदार कडांना आधी कागदी चिकटपट्टी लावा. त्यांच्यामध्ये इंजिन ऑइलचा थेंब टाकून घासा. त्या अलगद सरकतील. आता रस्त्याकडेची चिमूटभर धूळ तेलात मिसळून घासा. करकर ऐकू येईल. पट्ट्या धुऊन उजेडात धरा आणि ओरखडे मोजा. दुसरा प्रयोग आणखी सोपा. एका ताटलीला ऑइलचे बोट फिरवून ती दिवसभर रस्त्याच्या कडेला ठेवा. संध्याकाळी तिच्यावर जे दिसेल, तेच ट्रॅक्टरच्या ऑइल-बाथ गाळणीच्या तळाशी साचते. गाळणीतले ते ऑइल वेळच्या वेळी बदलावे लागते. ते काम घरातल्या शाळकरी मुलाने मोठ्यांच्या देखरेखीखाली, इंजिन बंद असताना शिकून घ्यायला हरकत नाही.

मामांनी पुढे साधा बीडाचा लायनर बसवला आणि वरची एकच रिंग क्रोमची घातली. गाळणीतले ऑइल बदलण्याचे काम आम्हा भाचरांकडे आले. इंजिनाला जाणाऱ्या पाण्याची तोटी निम्मी बंद ठेवायची, हे मात्र त्यांना पटवायला मला पदवीपर्यंत थांबावे लागले. ते इंजिन नंतर सहा हंगाम उघडावे लागले नाही. विहिरीच्या काठावरून न हलता त्याच्या दट्ट्याने पृथ्वीला दीड प्रदक्षिणा घातली, आणि तीही साध्या बीडाच्या लायनरवर!